कोझिकोडचं विमान: फॉरवर्डमधली गोष्ट आणि तपास अहवाल

ऑगस्ट उजाडला की पुण्याच्या धायरीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक जुना मजकूर पुन्हा फिरायला लागतो. वर कॅप्टन दीपक साठे यांचा फोटो, खाली तिरंगा आणि मग गोष्ट. विमानाची चाकं उघडलीच नाहीत, साठे यांनी इंधन संपवायला विमानतळाभोवती तीन घिरट्या घातल्या, विमान पोटावर उतरवलं आणि स्वतःचा जीव देऊन प्रवाशांना वाचवलं. आपल्या भागात हा मजकूर जरा जास्तच मायेने पुढे जातो, आणि त्याला कारण आहे. एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, इथून जवळ. साठे तिथल्या अठ्ठावन्नाव्या कोर्सचे, नागपूरच्या मराठी घरातले. पुढे हवाई दल अकादमीत त्यांनी मानाची तलवार मिळवली आणि बावीस वर्षं हवाई दलात काढली. हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक म्हणूनही ते उडले. माणूस आदराला पात्र होताच. त्यासाठी त्यांच्या नावावर न घडलेली गोष्ट चिकटवायची गरज नव्हती.

घडलं ते असं. ७ ऑगस्ट २०२०, करोनाचा काळ. आखातात अडकलेल्या लोकांना परत आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेतलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं १३४४ क्रमांकाचं विमान दुबईहून कोझिकोडला येत होतं. जातीने बोइंग ७३७. आत १८४ प्रवासी आणि सहा कर्मचारी. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, पावसात, विमान धावपट्टी संपवून पुढे गेलं आणि पठाराच्या कडेवरून खाली कोसळलं. १९ प्रवासी, कॅप्टन साठे आणि सहवैमानिक अखिलेश कुमार असे एकवीस जण दगावले. विमान अपघात तपास विभागाचा, म्हणजे एएआयबीचा अंतिम अहवाल ११ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर झाला. फॉरवर्ड मात्र अजून २०२०च्या ऑगस्टमध्येच अडकून पडलं आहे.

“चाकं उघडली नाहीत, तीन घिरट्या घातल्या”

चाकं उघडली होती. विमान चाकांवरच टेकलं आणि चाकांवरच धावलं. घिरट्यांचं म्हणाल तर पहिल्यांदा धावपट्टी क्रमांक २८ वर उतरायचा प्रयत्न झाला, तो सोडून विमान पुन्हा वर गेलं. मग उलट दिशेच्या क्रमांक १० वर दुसरा प्रयत्न झाला, आणि तो शेवटचा. पट्टी तीच, फक्त टोक दुसरं. वारा मात्र आता पाठीमागून येत होता.

इंधन संपवण्याची कल्पना तर दोन्ही बाजूंनी लंगडी पडते. बोइंग ७३७ ला हवेत इंधन सोडून देण्याची सोयच नसते. आणि टाक्या रिकाम्या असत्या तर अपघातानंतर दोन्ही पंखांतून इंधन गळलं असतं कशाला? ते गळलं, अहवालात तशी स्पष्ट नोंद आहे. उलट दुसऱ्या विमानतळाकडे वळण्याइतकं इंधन शिल्लक होतं, ही या प्रकरणातली सगळ्यात बोचणारी बाब. आग लागली नाही, हे दैव बलवत्तर म्हणायचं. गळतं इंधन, सुटून बाजूला पडलेली दोन्ही इंजिनं आणि तीन तुकडे झालेलं धड, एवढं असून ठिणगी पडली नाही. विमानतळाचं अग्निशमन दल, सीआयएसएफचे जवान आणि करोनाची भीती बाजूला ठेवून धावलेले आसपासचे रहिवासी यांनी रात्री सव्वादहापर्यंत सगळ्यांना बाहेर काढलं. त्या रात्रीच्या शौर्याची गोष्ट सांगायचीच असेल तर ही सांगावी. हिला पुरावा आहे.

“टेबलटॉप धावपट्टी म्हणजे मरणाचा सापळा”

हा गैरसमज अर्धा खरा असल्याने जास्त चिवट. डोंगरमाथा सपाट करून केलेली पट्टी आणि दोन्ही टोकांना उतार. चूक झाली तर सावरायला जागा कमी, हे खरं. पण कोझिकोडची धावपट्टी ८,८५८ फूट, म्हणजे साधारण २,७०० मीटर लांब आहे. ७३७ साठी ती कमी नाही, फक्त विमान पहिल्या ३,००० फुटांत टेकायला हवं. १३४४ टेकलं ते ४,४३८ फुटांवर. निम्मी पट्टी मागे पडली होती, डांबर ओलं होतं, पाठीमागून १४ नॉट्सचा वारा ढकलत होता आणि जमिनीवरचा वेग १६५ नॉट्स होता, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. पट्टी संपली तेव्हा वेग ८४.५ नॉट्स उरला होता. पुढची राखीव मोकळी जागाही पुरली नाही. विमान अँटेना आणि कुंपण तोडत ११० फूट खाली गेलं, धायरीतली दहा-अकरा मजली इमारत असते तेवढं, आणि खालच्या रस्त्यावर आदळलं.

मंगळूरला २२ मे २०१० रोजी याच कंपनीचं याच जातीचं विमान अशाच पट्टीवरून खाली गेलं आणि १५८ माणसं गेली. तिथे विमान ५,२०० फुटांवर टेकलं होतं. डोंगर दोन्हीकडे होता, पण उशिरा टेकणंही दोन्हीकडे होतं. म्हणून अहवालाने विमानतळाला सोडून दिलंय असं नाही. तो म्हणतो, कोझिकोडची एकेक सोय सुटी तपासली तर नियमात बसते. सगळ्या एकत्र धरल्या तर वैमानिकाला चुकायला जागाच उरत नाही. पट्टीच्या मध्यरेषेवर दिवे नव्हते. ते असते तर दिशेचा अंदाज नक्की सुधारला असता, असंही त्यात लिहिलं आहे.

“वैमानिकाचं लक्ष विचलित झालं, म्हणजे गप्पा मारत असणार”

लक्ष उडणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोबाइल किंवा गप्पा येतात. गप्पांमुळेही अपघात झाले आहेत. १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लटजवळ वैमानिक उतरताना राजकारणापासून गाड्यांपर्यंत बोलत राहिले आणि विमान पट्टीआधीच जमिनीला भिडलं. अशा अपघातांनंतर १९८१ मध्ये तिथे नियमच झाला, की दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय अवांतर नको. पण जास्त घातक प्रकार उलटा असतो. लक्ष उडालेलं नसतं, एकाच जागी रुतून बसलेलं असतं. डिसेंबर १९७२ मध्ये फ्लोरिडातल्या दलदलीत ईस्टर्नचं विमान पडलं, तेव्हा कॉकपिटमधली सगळी मंडळी चाकांच्या एका बंद दिव्यात गुंतली होती. विमान हळूहळू खाली जातंय, हे कुणी पाहिलं नाही.

मुंबईकरांना यातलं आपलं उदाहरण आठवत असेल. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ दीडएक मिनिटात वांद्र्याच्या समुद्रात गेलं आणि २१३ जण बुडाले. घातपाताची आवई लगेच उठली, पण अवशेषांत स्फोटाचा मागमूस नव्हता. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला, की कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलं आणि बाहेर काळोख असताना त्यांनी त्यावरच विश्वास ठेवला. उजवीकडे कल आहे असं समजून ते डावीकडे वळवत गेले. बाजूची चांगली उपकरणं कुणी वेळेत ताडून पाहिली नाहीत. उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत खटले झाले, १९८५ मध्ये तिथल्या न्यायाधीशाने कंपन्यांचा हलगर्जीपणा नाही असा निकाल दिला, आणि तरीही वाद धुमसतच राहिला.

कोझिकोडला लक्ष कशात रुतलं होतं? बहुतेक जण बोट दाखवतात वायपरकडे. कॅप्टनच्या बाजूचा वायपर त्या दिवशी नीट चालत नव्हता, ही वस्तुस्थिती आहे. पावसाने धूसर काच, काळोख, चढाची पट्टी. अशा वेळी अंतराचा आणि उंचीचा अंदाज चुकू शकतो, ही शक्यता अहवाल नाकारत नाही. पण वायपर हे कारण म्हणून पुरत नाही. वायपर चालत नसेल तर दुसरीकडे जायचा रस्ता मोकळा होता.

तो रस्ता का घेतला नाही, याचं अहवालाने दिलेलं उत्तर कॉकपिटमधलं नाही, ऑफिसमधल्या ड्युटीच्या तक्त्यातलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून एक उड्डाण होतं आणि ते साठे यांनाच न्यायचं होतं. विमान दुसऱ्या गावी नेलं असतं तर सकाळचं गणित बिघडलं असतं. मग दुसरा कॅप्टन नव्हता का? कोझिकोडला कायम नेमणुकीवर सहवैमानिक होते २६ आणि कॅप्टन एक. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा छपाईची चूक वाटली. अहवालाने याला सरळ कंपनीचं सदोष मनुष्यबळ धोरण म्हटलं आहे. मन ‘आज इथेच उतरायचं’ यावर बसलं, की वाऱ्याचा आकडा कानावर पडूनही आत शिरत नाही. शिवाय हे विमानतळ त्यांच्या पायाखालचं होतं. अशा पावसात ते इथे अनेकदा उतरले होते, आणि त्या सवयीनेच सावधपणा सैल केला असावा, असा तपासकर्त्यांचा अंदाज आहे.

“शेजारचा काय झोपला होता?”

मुळीच नाही. अखिलेश कुमार यांनी खाली येण्याचा वेग जास्त असल्याचं आधीच सांगितलं होतं. पट्टीवर आल्यावर, विमान टेकायचं नाव घेत नाही हे पाहून, त्यांनी आधी अडखळत सुचवलं आणि टेकण्याची हद्द संपता संपता स्पष्ट ‘गो अराउंड’ म्हटलं, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. चाकं अजून हवेत होती. नियमाने हा शब्द आला की चर्चा नसते, विमान वर जायलाच हवं. ते गेलं नाही. मग नियमाने कुमार यांनी ताबा घ्यायला हवा होता. तोही घेतला गेला नाही.

खुर्चीत बसून हे लिहिणं सोपं आहे. डावीकडे ५९ वर्षांचा, मानाची तलवार मिळवलेला, हजारो तासांचा अनुभवी कॅप्टन. उजवीकडे त्याच्यापुढे कालचा पोरगा. हातात काही सेकंद. थोरांच्या हातातलं काढून घ्यायचं नाही, हे आपल्याकडे पाळण्यापासून शिकवतात, आणि एका संध्याकाळी अचानक तेच करायचं! मंगळूरलाही सहवैमानिकाने पुन्हा वर घ्या असं सांगितलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. दहा वर्षांनी तोच शब्द तसाच वाया गेला. त्यामुळे मला हा दोष एका तरुणाचा वाटत नाही. अहवालानेही कंपनीच्या प्रशिक्षणावर बोट ठेवलं आहे: वरिष्ठाला कसं अडवायचं हे नीट शिकवलंच नव्हतं.

“अहवालाने वैमानिकाला दोषी ठरवलं, विषय संपला”

एएआयबीचा अहवाल हा कोर्टाचा निकाल नव्हे. असा तपास कुणाला दोषी ठरवण्यासाठी नसतो, पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो. आंतरराष्ट्रीय नियमांतही हेच लिहिलं आहे. म्हणून त्यात ‘संभाव्य कारण’ असतं. ते इथे वैमानिकांचंच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही: अस्थिर उतरण तशीच चालू ठेवली, टेकायच्या हद्दीपलीकडे टेकले, सहवैमानिकाने ताबा घेतला नाही. पण त्याखाली हातभार लावणाऱ्या कारणांची यादी आहे आणि ती बातम्यांत फारशी आली नाही. टॉवरवरच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या एका विमानाला निघता यावं म्हणून घाईत पट्टीची दिशा बदलली आणि पाठीमागच्या जोरदार वाऱ्याबद्दल १३४४ ला सावध केलं नाही. वारा मोजणारा सेन्सर चुकीच्या जागी बसवला होता. हवामानाचे दोन इशारे लागू असताना हवामान अधिकारी टॉवरमध्ये नव्हता. लांबवर टेकणाऱ्या विमानांवर नजर कशी ठेवायची, याचं हवाई वाहतूक नियामकाकडे धड धोरण नव्हतं, आणि असे प्रकार २०१० पासून घडत होते.

यातल्या काही गोष्टी अपघाताआधीच कुणीतरी ओरडून सांगितल्या होत्या. सुरक्षा सल्लागार समितीवर असलेले कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी २०११ मध्येच कळवलं होतं, की कोझिकोडला पावसात, पाठीमागून वारा असताना क्रमांक १० वर उतरणं हा जिवाशी खेळ आहे. म्हणजे नेमकं तेच टोक आणि तेच हवामान.

अहवालावर सगळ्यात जास्त चिडचिड झाली ती औषधांच्या मुद्द्यावर. साठे मधुमेहाच्या एकाहून जास्त गोळ्या, विहित नसलेल्या, घेत होते आणि रक्तातली साखर थोडी उतरल्याने निर्णयक्षमतेवर सूक्ष्म परिणाम झाला असावा, असं त्यात म्हटलं आहे. यातला ‘असावा’ महत्त्वाचा आहे; तपासकर्त्यांनी तो जपून वापरला आणि फॉरवर्ड करणाऱ्यांनी तो गाळला. आजार लपवला, असं कुजबुजणाऱ्यांना एक विचारायला हवं. आजार सांगितला की पंख छाटले जाणार, अशी धास्ती असेल तर कोण सांगेल?

वैमानिकांच्या संघटनांचा राग त्याहून जुना आहे. अपघाताला आठवडा उलटतो न उलटतो तोच नियामकाच्या प्रमुखांनी टीव्हीवर लँडिंग नीट झालं नव्हतं अशा अर्थाचं विधान केलं, तेव्हा दोन संघटनांनी त्यांना पदावरून हटवा असं मंत्र्यांना लिहिलं होतं. तपास नुकता सुरू झाला होता. त्याच दिवसांत इकडे साठे यांच्या तीन घिरट्या घरोघर पोचल्या होत्या.