निवाऱ्यापासून स्वतःच्या घरापर्यंत

आखाजी जवळ आली की खानदेशात घरोघरी सासुरवाशिणींची वाट पाहिली जाते. अक्षय्यतृतीयेच्या या सणाला लेक माहेरी येते, झाडाला झोका बांधला जातो आणि चार दिवस तिच्या कौतुकात सरतात. परंतु हीच लेक मारहाणीला कंटाळून, पतीने टाकून दिल्यामुळे अथवा पतीच्या निधनानंतर सासरच्यांनी घराबाहेर काढल्यामुळे कायमची परत आली, तर तिला त्याच घरात जागा अपुरी पडू लागते. भावाचा संसार, लहान खोल्या, शेजाऱ्यांची कुजबुज यांमुळे तिचे राहणे अवघड होते. सासर सुटले आणि माहेर मिळाले नाही, अशा स्त्रीने जावे कोठे, हा प्रश्न जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अनेक गावांपुढे आहे. त्याचे उत्तर केवळ रात्रीच्या निवाऱ्याने मिळत नाही. निवारा आणि स्वतःचे घर यांमधील वाट तिला चालता यावी, यासाठी काय करता येईल, याचा विचार येथे केला आहे.

महाराष्ट्राची परंपरा

या कार्याचा वारसा आपल्या राज्यात जुना आहे. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये पुणे येथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि फसवल्या गेलेल्या विधवांना सुरक्षित बाळंतपणाची सोय करून दिली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन केले. पुढे ते पुण्यास हलविण्यात आले. या सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि १८९६ मध्ये कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. या साऱ्या प्रयत्नांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. स्त्रीला नुसते छप्पर देऊन भागत नाही, तिच्या हाती विद्या अथवा व्यवसाय द्यावा लागतो. आश्रमातून बाहेर पडणारी स्त्री कोणत्या बळावर उभी राहते, यावरच आश्रमाचे यश मोजले जाते.

आजची व्यवस्था

आज ही जबाबदारी प्रामुख्याने शासनाच्या महिला व बालविकास विभागाकडे आहे. संकटसमयी १८१ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. केंद्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या सखी वन स्टॉप सेंटर योजनेखाली पीडित स्त्रीला वैद्यकीय मदत, पोलीस साहाय्य, कायद्याचा सल्ला व काही दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी मिळतो. परंतु काही दिवसांत आयुष्याची घडी बसत नाही. म्हणून त्यापुढील टप्प्यासाठी राज्यगृहे, वसतिगृहे व आधारगृहे आहेत. जळगाव येथील आशादीप शासकीय महिला वसतिगृह हे त्यांपैकीच होय. पूर्वीच्या स्वाधार गृह योजनेत कौटुंबिक हिंसाचारातून आलेल्या स्त्रीस एक वर्षापर्यंत, तर इतर निराधार स्त्रियांस तीन वर्षांपर्यंत राहता येत असे. २०२२ पासून स्वाधार व उज्ज्वला या योजना एकत्र करून शक्ती सदन योजना अमलात आली. निवासी स्त्रीच्या नावे बँक खाते उघडून त्यात दरमहा काही रक्कम जमा करण्याची तीत तरतूद आहे. स्त्री बाहेर पडेल तेव्हा तिच्या गाठीला चार पैसे असावेत, हा त्यामागील हेतू आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याच्या कलम ६ अन्वये पीडितेने स्वतः किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केल्यास आश्रयगृहाने तिला आश्रय देणे बंधनकारक आहे. आधी तक्रार नोंदवलेली नाही, या कारणास्तव तिला परत पाठवता येत नाही. याच कायद्याच्या कलम १७ ने, घर तिच्या नावावर नसले तरी, सामायिक घरात राहण्याचा हक्क तिला दिला आहे. म्हणजे घर सोडणे हा तिच्यापुढील एकमेव मार्ग नव्हे, हेही तिला सांगितले पाहिजे.

नावाला लागणारा डाग

या गृहांची खरी अडचण पुष्कळदा भिंतींबाहेर असते. 'ती गृहात राहून आली' एवढे वाक्य गावात तिची वाट अडवण्यास पुरेसे होते. मार्च २०२१ मध्ये जळगावच्या वसतिगृहाविषयी गंभीर आरोपांच्या बातम्या राज्यभर पसरल्या. महिला अधिकाऱ्यांच्या समितीने चौकशी केली आणि आरोपांत तथ्य नसल्याचे तत्कालीन गृहमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. अशा संस्थांवर कडक देखरेख असलीच पाहिजे आणि प्रत्येक तक्रारीची चौकशी झालीच पाहिजे. त्याचबरोबर, अफवेची झळ प्रथम तेथे राहणाऱ्या स्त्रियांना व तेथे येऊ पाहणाऱ्या पीडितांना लागते, याचे भानही सर्वांनी ठेवावे.

उंबरठ्याबाहेर

पूर्वी अशा गृहांतील स्त्रीचा विवाह लावून देणे हेच पुनर्वसन मानले जाई. जिला तो मार्ग हवा असेल तिच्यासाठी तो खुला असावा, परंतु एकटीने जगू पाहणाऱ्या स्त्रीचीही तयारी व्हावयास हवी. खानदेशात कापूस वेचणी, केळीच्या बागा, दोंडाईचाच्या मिरचीचे काम, जळगावच्या डाळमिल व चटई कारखाने यांत स्त्रियांना मजुरी मिळते. तथापि शेतीची मजुरी हंगामी असते, खोलीचे भाडे मात्र बाराही महिने द्यावे लागते. म्हणून शिवण, रुग्णसेवा, संगणक यांसारखे वर्षभर चालणारे कौशल्य गृहात असतानाच मिळाले, तर बाहेरचे पहिले सहा महिने निभावतात. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि उमेद यांचे बचत गट येथे उपयोगी पडतात. मात्र गटाने तिला नवखी म्हणून दूर ठेवू नये.

येथूनच गावाचे काम सुरू होते. घर सोडताना कागदपत्रे बहुधा सासरी राहतात. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून तिच्या मुलाला शिक्षकांनी परत पाठवू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तसे करण्यास मनाई केली आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे राज्यात आवश्यक झाले आहे, त्यामागील भावना जुन्या नोंदींबाबतही जपावी. वेगळी शिधापत्रिका मिळवून देण्यास ग्रामसेवक व तलाठी यांनी साहाय्य करावे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून सुरू आहे. विधवांप्रमाणेच परित्यक्ता व अत्याचारित स्त्रियांनाही तिचा लाभ मिळू शकतो. त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. विधी सेवा प्राधिकरणाकडून प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर असावी.

घर कोणाच्या नावे?

प्रश्नाचे मूळ मात्र याहून खोल आहे. घरातून काढता येते ते ज्याच्या नावावर घर नाही त्याला. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा जळगाव जिल्ह्यातील विटनेर या गावाने त्यात आघाडी घेतली आणि शंभराहून अधिक कुटुंबांनी घरातील स्त्रियांच्या नावे जमीन करून दिली. खानदेशातील एका गावाने हे करून दाखविले आहे. त्यानंतर १९९४ मध्ये राज्याने आणि २००५ मध्ये केंद्राने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत कन्येस जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती केली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये पतीसोबत पत्नीचेही नाव लावणे, घरकुल मंजूर करताना स्त्रीचे नाव वगळले जाणार नाही हे पाहणे, या गोष्टींना वेगळा निधी लागत नाही. लागते ती पंचायत सदस्यांची इच्छा.

आधारगृह हा पूल आहे. पुलाच्या एका टोकाला शासन उभे आहे. दुसऱ्या टोकाला शाळा, पंचायत, बँक आणि खोली भाड्याने देणारा घरमालक उभे आहेत. ते टोक पक्के नसेल, तर निवाऱ्याची मुदत संपताच स्त्री पुन्हा त्याच मारझोडीच्या घरी परतते. गावातील एखादी स्त्री मुलांना घेऊन बाहेर पडली, तर 'का आलीस?' असे विचारण्याऐवजी 'कागद कोणते हवेत?' असे विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असावा. तो शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्य असेल, तर त्या पुलाचे दुसरे टोक पक्के झाले असे म्हणता येईल.