गाणं नव्हे, बुलावा

आमच्या गल्लीच्या टोकाला मशीद होती. पहाटेची बांग कानावर पडली की आजी उठून चूल पेटवायची. घरात घड्याळ होतं, पण त्याला किल्ली द्यायची आठवण कुणालाच राहत नसे. बांग देणारे चाचा दिवसभर पेठेतल्या आपल्या दुकानात शिवणयंत्रावर बसलेले असत. सात-आठ वर्षांचा असताना मी शर्टाचं माप द्यायला गेलो आणि मोठ्या कौतुकानं म्हणालो, "चाचा, तुम्ही सकाळी किती छान गाता!" दुकानातली माणसं हसली. चाचा हसले नाहीत. टेप गळ्यात अडकवत म्हणाले, "गाना नहीं बेटा वो. बुलावा है."

आपलं काहीतरी चुकलं एवढंच तेव्हा कळलं. काय चुकलं ते कळायला पुढची बरीच वर्षं गेली.

पहिली बांग दिली ती हजरत बिलाल यांनी. गुलामीतून मुक्त झालेला हा हबशी माणूस. त्यांचा आवाज अधिक खडा, म्हणून पैगंबरांनी हे काम त्यांच्याकडे दिलं, असं परंपरा सांगते. म्हणजे आवाज पारखून घेतलेला. पण ते गाणं नव्हे! कुराणाचंही तेच. त्या नावातच मोठ्यानं पठण करण्याचा अर्थ आहे. कुठलं अक्षर कंठातून, कुठलं ओठांतून, कुठला स्वर किती लांबवायचा, कुठे श्वास सोडायचा, याचं 'तजवीद' नावाचं अख्खं शास्त्र आहे. इजिप्तचे कारी अब्दुल बासित अब्दुस्समद (१९२७–१९८८) यांची एक कॅसेट एका मित्राकडे ऐकली. एकाच दमात ते इतकं लांब जातात, की ऐकताना आपलाच श्वास कोंडतो. ते थांबले की श्रोत्यांतून 'अल्लाह!' असा उद्गार उमटतो. आपल्या मैफलीत समेवर 'क्या बात है' उमटते तसाच. मात्र साथीला वाद्य नाही आणि चालही आधी बसवून ठेवायची नाही. मित्राला म्हटलं, हे गाणंच की! तो म्हणाला, "तुमच्या घनपाठी शास्त्रीबुवांना गवई म्हणून बघ." मी गप्प बसलो.

मग कव्वालीचं काय? सुफी मंडळी त्या बैठकीला 'समा' म्हणतात, आणि समा म्हणजे ऐकणं. गाणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर भार टाकणारा हा शब्द मला फार आवडतो. इ. स. ११११ मध्ये निधन पावलेल्या इमाम गझाली यांनी यावर सविस्तर लिहिलं. मनात असेल तेच संगीत वर काढतं, असं त्यांचं म्हणणं. उलेमांना हे सरसकट पटलं नाही. दिल्लीत गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात निजामुद्दीन औलियांना या प्रश्नावर जाब द्यावा लागला. त्यांनी स्वतःही अटी घातल्या होत्या : गाणारा कोण, ऐकणारा कोण, शब्द कोणते. वाद्यं तर नकोतच. आज त्यांच्याच दर्ग्यात पेटी आणि ढोलक वाजते, तीही विलायतेहून आलेली पेटी!

औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दख्खनमध्ये आले आणि १३३७ मध्ये निवर्तले. त्यांची कबर वेरूळजवळच्या खुलताबादेत आहे. समाची त्यांना विलक्षण ओढ. त्यांच्या दर्ग्यासमोरच त्यांच्या शिष्याचा, जैनुद्दीन शिराझींचा दर्गा आहे. आणि त्याच्या आवारात, उघड्या मातीखाली, औरंगजेब. ज्यानं दरबारातून गाणं हद्दपार केलं, त्याला १७०७ मध्ये शेजार मिळाला तो असा. अर्थात त्याच्या काळात सगळीकडचं गाणं थांबलं होतं, असं मात्र समजू नये. राग-संगीतावरचे ग्रंथ तेव्हाही लिहिले जात होते.

पण मला जावंसं वाटतं ते मिरजेला. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेब गायचे. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका स्टेशनावर त्यांनी प्राण सोडला. दफन मिरजेला, याच दर्ग्यात झालं. उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. गाणारे हिंदू किती, मुसलमान किती, हे मोजायला कुणी बसत नाही.

एका वर्षी मी रात्रभर तिथे बसलो होतो. पहाटे एक तरुण गायक ललत आळवत होता. रंग भरत आला होता, तोच बांग झाली. त्यानं स्वर तिथेच सोडला. तंबोऱ्यावरची बोटं थांबली, तबलजीनं हात मांडीवर ठेवले. एवढ्या लोकांत साधी कुजबुजही नव्हती. बांग संपली. गायकानं तंबोऱ्याकडे पाहिलं, पुन्हा षड्ज लावला. माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ मात्र टोपी सारखी करीत उठले. "बुलावा आला," मला हळूच म्हणाले, "माझी जागा धरून ठेवा."

मी पिशवी त्यांच्या जागेवर ठेवली.