अबोल माणसाची कप्तानी

अंतर्मुख असणं आणि घाबरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये विस्ताराने मांडलेली अंतर्मुखता हा स्वभाव आहे. तो बदलण्याची गरज नसते. भीती मात्र टाळली की वाढते आणि थोडं थोडं सामोरं गेलं की ओसरते.

संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा क्रिकेटपटू अजिंक्य रहाणे मितभाषी म्हणूनच ओळखला जातो. डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ॲडलेड कसोटीत भारताचा डाव ३६ धावांत आटोपला, तेव्हाचा कप्तान विराट कोहली मायदेशी परतला आणि कप्तानी रहाणेकडे आली. पुढच्या मेलबर्न कसोटीत त्याने ११२ धावा काढल्या. सहकारी रवींद्र जडेजासोबत धाव घेताना तो धावबाद झाला, तेव्हा चिडण्याऐवजी त्याने जडेजालाच धीर दिला. भारताने तो सामना जिंकला, पुढे मालिकाही २-१ अशी जिंकली.

असं शांत राहूनही पुढे येणं नोकरीतही जमतं. बैठकीआधी मुद्दे लिहून काढा. सुरुवातीलाच एक मुद्दा मांडा. अवघड विषय आधी एका सहकाऱ्याशी बोला, मग चौघांत. विचारासाठी निःसंकोच वेळ मागा. आवाज चढवायची गरज नाही. बोलायची वेळ आली की मागे हटू नका.