ताराबाई मोडक : मुलांच्या अंगणात शाळा नेणाऱ्या बाई



'अंगणवाडी' हा शब्द आपण रोज वापरतो. अंगणवाडीच्या ताई, अंगणवाडीचा खाऊ, अंगणवाडीतलं वजन-उंचीचं रजिस्टर. पण हा शब्द आला कुठून? बरेच जण सरकारी योजनेचं नाव सांगतील. ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. या शब्दामागची कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात उतरवली, त्या ताराबाई मोडक त्याआधी दोन वर्षं, ऑगस्ट १९७३ मध्ये, गेल्या होत्या. आज त्यांची आठवण करूया. नुसतं 'थोर होत्या' म्हणण्यासाठी नाही. त्यांनी काय केलं आणि ते का केलं, हे समजून घेण्यासाठी.

आई आणि शिक्षिका

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचं नाव केळकर. मुली फारशा शाळेतही जात नव्हत्या त्या काळात त्या बी.ए. झाल्या. लग्न करून अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. पदरात प्रभा ही लहान मुलगी होती. ताराबाई राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाची, भरवशाची नोकरी होती.

पुढे १९२३ मध्ये ही नोकरी सोडून त्या भावनगरला गेल्या. तिथे गिजुभाई बधेका यांचं बालमंदिर होतं. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं, या विचारातून ते मॉन्टेसरीच्या पुस्तकांकडे वळले आणि पुढे वकिली सोडून शिक्षक झाले. ताराबाईंसमोरही मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न होताच. म्हणजे पाहा, आपल्याकडच्या बालशिक्षणाच्या मुळाशी एक बाप आणि एक आई आहे. आपल्या लेकराला न मारता, न घाबरवता कसं शिकवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. फरक एवढाच, की ते आपल्या लेकरापाशी थांबले नाहीत.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' निघाली, आधी गुजरातीत, मग मराठीत. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं.

शाळेत मूल येत नाही, तेव्हा

इथवरचं काम शहरातल्या मुलांसाठी होतं. पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये, ताराबाई बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ आल्या, त्या कायमच्याच. बालवाडी उघडली, पण ज्या वस्त्यांना तिची सर्वांत जास्त गरज होती, तिथली मुलं येईनात.

अशा वेळी आपण काय म्हणतो? "पालकांनाच शिक्षणाची किंमत नाही." ताराबाईंनी मूल का येत नाही, हे पाहिलं. आई-बाप सकाळीच मजुरीला जातात. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते. भाऊ गुरांमागे जातो. मग त्यांनी शाळाच वस्तीवर नेली. घरापुढचं अंगण झाडायचं, मुलांना गोळा करायचं, हात-पाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी सांगायच्या. हीच 'अंगणवाडी'.

पुढे १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या भागात गेलं. तिथेही तीच रीत. गुराखी मुलांसाठी कुरणातच भरणारी 'कुरणशाळा'. धाकट्याला सांभाळणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, म्हणजे 'विकासवाडी'. धाकटा पाळण्यात, मधला बालवाडीत आणि ताई वर्गात. किती साधा उपाय! पण तो सुचायला त्या मुलीच्या कडेवरचं ओझं दिसावं लागतं.

साहित्य कुठलं?

मॉन्टेसरीचं साहित्य महागडं. खेड्यातल्या शाळेला कुठून परवडणार? म्हणून शंख-शिंपले, बिया, दगड, पानं, काड्या यांचंच साहित्य केलं. पैसे वाचले हे खरंच, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे मुलाला शाळा परकी वाटली नाही. चिंचोके मोजताना त्याला मोजणी नवी असते, चिंचोके ओळखीचेच असतात.

आपल्यासाठी काय?

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. अशा बाईंविषयी बोलताना आपण 'त्याग', 'सेवा' असे शब्द वापरतो आणि हात जोडून मोकळे होतो. त्यागाला नमस्कार करणं सोपं आहे. पण त्यांची रीत आजही आपल्या हातात आहे.

शिक्षकहो, पटावर नाव असून वर्गात नसलेलं एक तरी मूल आपल्या प्रत्येकाकडे असतं. गैरहजेरी मांडण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन या. ते सकाळी काय काम करतं, कुणाला सांभाळतं, ते पाहा. कारण कळलं की निम्मा उपाय तिथेच सापडतो.

पालकहो, साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन "शेजारची लिहिते, तू का नाही?" असं म्हणू नका. त्याची बोटं अजून तयार व्हायची आहेत. मटार सोलू द्या, कणकेचे गोळे करू द्या, डाळ-तांदूळ वेगळे निवडू द्या. रोज एक गोष्ट सांगा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे.

आपल्या मुलासाठी जे हवंसं वाटतं, ते शेजारच्या वस्तीतल्या मुलालाही मिळावं, असं वाटणं म्हणजे शिक्षक होणं. ताराबाईंनी ते आयुष्यभर केलं. आपण या आठवड्यात एका मुलापासून सुरुवात करूया.