वायफाय तुटणं वेगळं, परत न जुळणं वेगळं

लिनक्सच्या लॅपटॉपवर वायफाय एकदा गेलं आणि परत जुळेना, की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘सिस्टम नव्याने टाका’. त्यात अख्खी दुपार जाते आणि दोष बहुधा जागच्या जागी राहतो. कार्डाचा ड्रायव्हर असतो कर्नलमध्ये आणि कार्डात चढणारं फर्मवेअर येतं वेगळ्या पॅकेजमधून. तीच आवृत्ती पुन्हा टाकली तर दोन्ही जशीच्या तशी परत येतात. कधी फायदा होतो तो साठवलेली बिघडलेली जोडणी पुसली गेल्यामुळे. तेवढंच हवं असेल तर ते नेटवर्क सेटिंगमधून ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडावं.

खरं तर इथे दोन प्रश्न आहेत: जोडणी तुटली कशाने, आणि तुटल्यावर आपोआप जुळली का नाही? दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या जागी सापडतात.

तुटण्याचं खापर नेहमी सिग्नलवर फुटतं. पण राउटर शेजारी असतानाही जोडणी जात असेल तर आधी वीजबचत तपासा. या सोयीत कार्डाचा रेडिओ मधूनमधून झोपतो. तेवढ्या वेळात आलेला डेटा राउटर सांभाळून ठेवतो आणि साधारण दर 102 मिलिसेकंदांनी निघणाऱ्या बीकनमधून ‘तुझ्यासाठी काही आहे’ असं कळवतो. कार्ड आणि राउटर यांचा हा मेळ काही जोड्यांत नीट बसत नाही. बीकन हुकतात, आणि कधी राउटरच ‘हे यंत्र निष्क्रिय आहे’ असं समजून जोडणी तोडतो. उबुंटूत ही बचत मुळातच चालू ठेवलेली असते: जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजर या सेवेच्या एका छोट्या फाइलमध्ये ‘वायफाय-पॉवरसेव्ह’ची किंमत 3 असते. ती 2 करून ही सेवा पुन्हा सुरू केली की बचत बंद होते. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल, पण रोज तुटणाऱ्या जोडणीपुढे मला तो सौदा परवडणारा वाटतो.

‘पासवर्ड पुन्हा विचारला, म्हणजे चुकला’ हा समज सर्वांत जास्त दिशाभूल करतो. राउटर आणि लॅपटॉप यांच्यात किल्ल्यांची चार टप्प्यांची देवाणघेवाण होते. ती वेळेत पुरी झाली नाही, तर नेटवर्कमॅनेजर पासवर्डवरच संशय घेतो. पासवर्ड खरोखर चुकला तरी लक्षण असंच दिसतं. पण तोच पासवर्ड मघाशी चालत होता, तर तो बदलत बसू नका, नोंदी वाचा. ‘जर्नलसीटीएल’मध्ये कर्नल आणि नेटवर्कमॅनेजर या दोघांच्याही नोंदी मिळतात. जोडणी तुटल्याच्या ओळीत कारणाचा क्रमांक असतो: 15 म्हणजे ही देवाणघेवाण वेळेत झाली नाही, 4 म्हणजे निष्क्रियतेमुळे जोडणी काढून टाकली.

आता न जुळण्याकडे येऊ. नेटवर्कमॅनेजर अखंड प्रयत्न करत राहतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एखादी जोडणी साधारणपणे 4 वेळा फसली, की तो काही मिनिटं तिचा नाद सोडतो. वीज जाऊन आली की हे हमखास दिसतं. राउटरचं नाव यादीत येतं, पण पत्ते वाटणारी व्यवस्था कधीकधी अजून उभी राहिलेली नसते आणि पहिले प्रयत्न वाया जातात. त्या जोडणीचं ‘ऑटोकनेक्ट-रिट्राइज’ 0 केलं तर मर्यादा उठते. आणखी एक बाब: तुम्ही स्वतःच ‘डिसकनेक्ट’ दाबलं असेल, तर तुमच्या इच्छेचा मान राखून तो आपोआप जोडत नाही. हा बिघाड नव्हे.

लॉगिन होईपर्यंत वायफाय येतच नसेल, तर पासवर्ड फक्त तुमच्या खात्यापुरता, कीरिंगमध्ये, साठवलेला असण्याची शक्यता मोठी. ऑटो-लॉगिन असेल तर अडचण वाढते, कारण ही कीरिंग लॉगिनच्या पासवर्डनेच उघडते. जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडला की प्रश्न मिटतो. मात्र मग तो पासवर्ड डिस्कवर साध्या मजकुरात राहतो, फक्त रूटला वाचता येईल असा. घरच्या यंत्रावर चालेल, पण अनेकांच्या हातातल्या यंत्रावर मी तसं करणार नाही.

वायफाय दिसतच नसेल तर ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्या. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर आज्ञेनेच सुटतं. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपवरची कळ किंवा बायोसमधली सेटिंग शोधावी लागते.

‘विंडोजवर चालतं, म्हणजे दोष लिनक्सचाच’ हेही दरवेळी खरं नसतं. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पुरती बंद होत नाही, तिच्या कर्नलची स्थिती डिस्कवर जपली जाते. काही कार्डं त्यामुळे अशा अवस्थेत राहतात की नंतर लिनक्सच्या ड्रायव्हरला ती सुरू करता येत नाहीत. दोन्ही सिस्टम एकाच यंत्रावर असतील तर विंडोजमधून ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये या. एवढ्याने कार्ड जागं झालं, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. लिनक्समध्ये काहीही बदलायची गरज नाही.