सेन्सर धुवा, पण पुसू नका!

रावेरहून सावद्याला निघालात. पुढे केळीने भरलेला ट्रक. ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला, तर गाडी ढिम्म! पिकअप नाही, उभी असताना आयडलिंग खालीवर, त्यात डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा. लगेच 'इंजिन गेलं' म्हणून घाबरू नका. एअर फिल्टरच्या डब्यापुढे पाइपात बसवलेला मास एअरफ्लो सेन्सर मळलेला असू शकतो.

इंजिनात किती हवा जातेय, ते हा सेन्सर मोजतो. त्यात केसासारखी बारीक तार किंवा पातळ फिल्म असते, विजेने तापवलेली. आत येणारी हवा तिला थंड करते, बशीतल्या चहावर फुंकर मारल्यासारखी. तिला पुन्हा तेवढंच गरम ठेवायला किती करंट लागला, यावरून गाडीचा कॉम्प्युटर हवेचं वजन काढतो आणि तेवढं इंधन सोडतो. (फिजिक्सवाल्यांनो, तुमचा हॉट वायर ॲनिमोमीटर तो हाच!) तारेवर धूळ बसली की हिशेब चुकला. आणि धुळीची आपल्याकडे काय कमी? शेतरस्ते, उन्हाळ्यातल्या वावटळी, वर्षभर न बदललेला फिल्टर.

आधी तुमच्या गाडीत हा सेन्सर आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी मॅप सेन्सर असतो, त्याची गोष्ट वेगळी.

काम सकाळी करा. मे महिन्यातल्या दुपारी रावेरात बॉनेटला हात लावणंच मुश्कील, आणि इंजिन पूर्ण थंड हवं, कारण क्लीनरचा स्प्रे पेट घेतो. म्हणून काम उघड्यावर, आसपास सिगारेट नको. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. सेन्सरचा प्लग लॉक दाबून काढा, वायर धरून ओढू नका. स्क्रू बहुतेक वेळा चांदणीच्या खाचेचे असतात. साधा स्क्रू ड्रायव्हर लावलात तर खाच गेलीच समजा.

आता खरी गंमत इथे बिघडते. हाताशी असतो कार्ब्युरेटर क्लीनर, नाहीतर आईचा जुना टूथब्रश. दोन्ही नको! फक्त 'एमएएफ सेन्सर क्लीनर' लिहिलेला स्प्रे घ्या. इतर क्लीनर प्लास्टिक आणि तारेवरचं कोटिंग खाऊ शकतात. थोडं अंतर ठेवून दहा-पंधरा फवारे मारा. बोट, फडकं, इअरबड काहीच लावायचं नाही. पंक्चरवाल्याकडची कॉम्प्रेसरची हवासुद्धा नाही. तार तुटली तर नव्या सेन्सरचे काही हजार घरी मागावे लागतील. पूर्ण वाळू द्या, आपोआप. मग बाणाची दिशा बघून बसवा आणि फिल्टरही तपासा.

दिवा तरी गेला नाही, तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. सेन्सरपुढच्या रबरी पाइपला चीर पडली असली तरी हीच लक्षणं दिसतात, आणि पाइप सेन्सरपेक्षा बराच स्वस्त येतो.