मालक, दासी आणि तिचा होकार

सरदाराचं दासीवर मन जडलं, या गोष्टीची गोडी कोणत्याच भाषेतल्या वाचकाला चुकलेली नाही. कथा-कादंबऱ्यांत ती आली, नाटकांत आली, सिनेमात तर किती वेळा आली. मध्ये एक उंच भिंत असते, ती ओलांडणारा पुरुष असतो आणि शेवटी त्याच्या धाडसाचं कौतुक असतं. मीही या गोष्टी आवडीने वाचल्या आहेत. पण इतिहासात खरोखर घडलेले असे प्रसंग वाचताना माझं मन एकाच जागी अडतं. त्याने भिंत ओलांडली हे खरं, पण तिला ‘नाही’ म्हणता आलं असतं का? या प्रश्नाला धरूनच असे काही प्रसंग इथे पाहायचे आहेत.

सगळ्यांत जास्त कागद मागे ठेवून गेलेली गोष्ट रशियातली आहे. काउंट निकोलाय शेरेमेतेव (१७५१–१८०९) हा रशियातल्या अतिश्रीमंत उमरावांपैकी एक. वडिलांच्या मागे त्याच्या वाट्याला आलेल्या भूदासांची संख्या दोन लाखांच्या घरात जाते. भूदास म्हणजे जमिनीबरोबर मालकीत येणारी माणसं. ती विकता येत, गहाण ठेवता येत, त्यांचं लग्न मालकाच्या परवानगीने होई. दुसऱ्या कॅथरीनने १७६७ साली हुकूमच काढला की भूदासाने मालकाविरुद्ध तक्रार करायची नाही. केलीच तर शिक्षा. पुढची सगळी कहाणी या हुकुमाच्या छायेत घडते, म्हणून तो आधी सांगितला.

यारोस्लाव्हल प्रांतातल्या एका भूदास लोहाराला १७६८ साली मुलगी झाली. तिचं नाव प्रस्कोव्या. सात-आठ वर्षांची असताना तिला आईबापांपासून उचलून मॉस्कोजवळच्या कुस्कोवो या शेरेमेतेवांच्या वाड्यात आणलं गेलं. वाड्यात भूदासांचीच नाटकमंडळी होती. गाणं, नाच, फ्रेंच आणि इटालियन भाषा, वाद्यं हे सगळं शिकवायला उस्ताद ठेवलेले होते. निकोलाय स्वतः लायडनला शिकून आलेला, चेलो वाजवणारा. पॅरिसच्या ऑपेरातल्या एका वादकाशी त्याचा पत्रव्यवहार चाले आणि तिकडून नव्या ऑपेरांच्या संहिता, पोशाखांचे नमुने मागवले जात. अकरा वर्षांची प्रस्कोव्या १७७९ साली पहिल्यांदा रंगमंचावर आली ती एका दासीच्या छोट्या भूमिकेत. मंडळीतल्या नट्यांना रत्नांवरून नवी आडनावं दिली जात. कुणी माणकाची, कुणी पिरोजाची. प्रस्कोव्या मोत्याची झाली: झेमचुगोवा. जनावरावर डाग द्यावा तशी ही नावं मला वाटतात, ती कितीही सुंदर असली तरी.

तिच्या आवाजाने मात्र साऱ्या मॉस्कोवर मोहिनी घातली. ग्रेत्री या संगीतकाराच्या ‘सॅम्नाइट विवाह’ या ऑपेरात ती एलियानची भूमिका करी. ही एलियान चिलखत चढवून रणात उतरते, आणि ज्या समाजात मुलीने मनातलं बोलायचं नाही अशी रीत आहे तिथे आपल्या आवडीचा नवरा मिळवते. १७८७ साली खुद्द सम्राज्ञी कॅथरीन कुस्कोवोला हा प्रयोग पाहायला आली आणि खूश होऊन तिने प्रस्कोव्याला हिऱ्याची अंगठी दिली. बोटात सम्राज्ञीची अंगठी असलेली ती बाई दुसऱ्या दिवशीही काउंटच्या मालमत्तेच्या यादीतच होती.

पुढच्याच वर्षी थोरला काउंट वारला. त्या सुमारास निकोलाय आणि प्रस्कोव्या एकत्र राहू लागले. त्याने तिच्यासाठी ओस्तांकिनोचा महाल उभारला असं म्हणतात, आणि तो महाल पाहिला की ते पटतं. बाहेरून दगडी वाटणारी ही वास्तू आहे सगळी लाकडाची. बांधकामात आणि सजावटीत भूदास कारागिरांचे हात मोठ्या प्रमाणात होते. महालाच्या मधोमध नाटकघर आहे. प्रेक्षकांच्या जागेवर जमीन चढवून ती रंगमंचाच्या पातळीला आणली की नाटकघराचं नृत्यदालन होई. मेघांचा गडगडाट आणि पावसाचा आवाज काढणारी लाकडी यंत्रंही तिथे होती. १७९५ साली तुर्कांविरुद्धच्या विजयावर बेतलेल्या संगीतनाटकाने हे रंगमंदिर खुलं झालं, त्यातही नायिका प्रस्कोव्याच. पण हा बहर दोनच वर्षं टिकला. १७९७ साली नव्या सम्राटाने, पावेलने, काउंटला पीटर्सबर्गच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर बोलावून घेतलं. त्या दमट हवेत प्रस्कोव्याच्या क्षयाने उचल खाल्ली आणि गाणं कायमचं थांबलं.

मग कागद हलू लागले. १७९८ च्या डिसेंबरमध्ये काउंटने तिला आणि तिच्या घरच्यांना भूदास्यातून मुक्त केलं. लोहाराची मुलगी दरबारात कशी चालायची, म्हणून तिचं कूळ एका जुन्या पोलिश उमराव घराण्यापर्यंत नेऊन भिडवलं गेलं. ही वंशावळ बनावट होती. ६ नोव्हेंबर १८०१ ला मॉस्कोतल्या पोवार्स्काया रस्त्यावरच्या एका चर्चमध्ये मोजक्या साक्षीदारांसमोर गुपचूप लग्न लागलं. नवरा पन्नाशीचा, नवरी तेहतिशीची. लग्नानंतरही ती काउंटेस म्हणून कुणासमोर आली नाही. फोंतान्का नदीकाठच्या वाड्यातल्या खोल्यांतच ती राहिली. ३ फेब्रुवारी १८०३ ला तिला मुलगा झाला, दिमित्री. वीस दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, ती गेली. तेव्हा कुठे काउंटने जगाला सांगितलं की ही माझी धर्मपत्नी होती आणि हा माझा वारस.

निकोलायच्या प्रेमाबद्दल शंका घ्यायचं मला कारण दिसत नाही. मुलासाठी लिहून ठेवलेल्या पत्रात त्याने तिच्या गुणांबद्दल मन मोकळं केलं आहे. मॉस्कोत तो गरिबांसाठी धर्मशाळा आणि रुग्णालय बांधत होता. तिच्या मृत्यूनंतर क्वारेंगी या वास्तुकाराकडून त्या इमारतीचा आराखडा बदलून घेतला आणि ती जणू तिचं स्मारक झाली. गरीब मुलींच्या लग्नासाठी तिथून पैसे वाटले जात. आज तिथे स्क्लिफोसोव्स्की संस्थेचं नाव आहे. आपत्कालीन उपचारांसाठी ते रशियाभर प्रसिद्ध आहे. आपल्या वर्गातल्या क्वचितच कुणी केलं असेल ते या माणसाने केलं, हे त्याच्या पदरात घालायलाच हवं.

पण तिची बाजू कुठे आहे? तिच्या नावावर एक लोकगीत सांगितलं जातं. त्यात गुरं हाकत घरी येणाऱ्या मुलीला वाटेत मालक भेटतो. ते तिनेच रचलं का, हे कुणी ठामपणे सांगू शकत नाही. आणि मागे राहिली आहेत निकोलाय अर्गुनोव्हने काढलेली चित्रं. एकात लाल शाल पांघरलेली प्रस्कोव्या आहे, गळ्यात काउंटची छोटी तसबीर. दुसरं १८०३ चं. पट्ट्यापट्ट्यांचा घरगुती झगा, डोक्याला पांढरी टोपी, झग्याआडून स्पष्ट दिसणारे भरलेले दिवस आणि आजारपणाने ओढलेला चेहरा. दागदागिन्यांनी मढलेल्या उमराव बायकांच्या चित्रांत असा थकवा कुणी रंगवत नसे. हा चित्रकारही काउंटचाच भूदास होता. ती मुक्त झाली, काउंटेस झाली, वारली. तिचं चित्र काढणारा मात्र १८१६ साली सुटला. आणि तिचा मुलगा? बापाच्या मृत्यूनंतर, वयाच्या सहाव्या वर्षी, दिमित्री रशियातल्या सर्वांत मोठ्या भूदासमालकांपैकी एक झाला. भूदासपद्धत रद्द झाली १८६१ साली. तोवर आईसारखीच भूदास म्हणून जन्मलेली माणसं या मुलाच्या मालकीची होती. एका बाईची सुटका झाली म्हणून तिच्यासारख्या इतरांचं काही हललं नाही.

या घराण्याचा दासीकथेशी त्याआधीही संबंध आला होता. निकोलायचा आजा बोरिस शेरेमेतेव हा पीटर द ग्रेटचा सेनापती. १७०२ साली त्याने मारिएनबुर्ग जिंकलं, तेव्हा एका पाद्र्याच्या घरी कामाला असलेली मार्ता नावाची तरुणी कैद झाली. लूट जशी हातोहात जाते तशी ती शेरेमेतेवकडून झारच्या मर्जीतल्या मेन्शिकोव्हकडे आणि तिथून पीटरकडे गेली. पीटरने १७१२ साली तिच्याशी जाहीर लग्न केलं आणि त्याच्यामागे १७२५ ते १७२७ ती पहिली कॅथरीन म्हणून सिंहासनावर बसली. हा प्रवास थक्क करणारा आहे. पण त्याच्या पहिल्या तीन मुक्कामांवर तिला कुणी काही विचारलं नव्हतं, हे तिच्या मुकुटाच्या झगमगाटात विसरायला नको.

इंग्लंडमध्ये मालकी नव्हती, पगारी चाकरी होती. म्हणून तिथली गोष्ट वेगळी वळते. रिचर्डसनच्या ‘पामेला’ या १७४० च्या कादंबरीतली पंधरा वर्षांची दासी मालकाला हरप्रकारे नकार देते आणि अखेर त्याची बायको होते. कादंबरी तुफान खपली. तिच्या नकाराला कथेत किंमत आहे, ही मोठी गोष्ट. पण ज्याने तिला कोंडून ठेवलं त्याच्याशीच लग्न हे बक्षीस ठरावं, याने आजही अस्वस्थ व्हायला होतं. त्यापेक्षा मला ससेक्समधल्या अपार्कची खरी हकीकत जवळची वाटते. तिथला सर हॅरी फेदरस्टनहॉ १८२५ साली, सत्तरी उलटल्यावर, आपल्या दूधघरात काम करणाऱ्या मेरी अ‍ॅन बुलक या विशीतल्या मुलीशी उजळ माथ्याने लग्न करता झाला. तिला लिहायला-वाचायला शिकवलं आणि १८४६ साली मरताना सगळी इस्टेट तिच्या नावे केली. ती १८७४ पर्यंत जगली आणि तिच्यामागे तिच्या बहिणीने ते घर सांभाळलं. या बहिणीच्या काळात तिथे घरव्यवस्था पाहायला आलेली बाई म्हणजे एच. जी. वेल्सची आई. वयाचं अंतर खटकतं, तरी मेरी अ‍ॅनच्या हातात नोंदलेलं लग्न होतं आणि घराच्या किल्ल्या होत्या. प्रस्कोव्याला यातलं काही जाहीरपणे मिरवता आलं नाही.

आता आपल्याकडे. मस्तानीला दासी-नाटकशाळांच्या यादीत ढकलायची सवय आपल्याला लागली आहे. ती छत्रसालाची मुलगी मानली जाते, तिची गोष्ट इथली नव्हे. इथली गोष्ट आहे विरूबाईची. शाहू महाराज मोगलांच्या छावणीत नजरकैदेत असताना त्यांची लग्नं झाली, तेव्हा नवरीबरोबर आंदण म्हणून ही दासी आली, असं इतिहासकार सांगतात. १७०७ साली महाराज सुटून आले, साताऱ्याला राज्य मांडलं, आणि खासगीचा सगळा व्याप विरूबाईच्या हाती गेला. सरदार-मुत्सद्दी तिची मर्जी सांभाळून असत. परतीच्या वाटेवर पारद गावी झालेल्या झटापटीत लोखंडे पाटील पडला, तेव्हा त्याच्या विधवेने पोर महाराजांच्या पायावर घातलं. महाराजांनी त्याला फत्तेसिंह भोसले हे नाव दिलं, वाढवलं विरूबाईने. अक्कलकोटचं संस्थान ते या फत्तेसिंहाचं. १७४० साली विरूबाई वारली. आयुष्यभर अधिकार चालवलेल्या या बाईचं महाराजांशी लग्न काही झालं नाही. राण्या राण्याच राहिल्या, ती विरूबाईच राहिली.

आणि तिचं नशीब थोरच म्हणायचं, कारण त्याच शतकात कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या-दिल्या जात होत्या. व्यभिचाराचा आरोप आलेल्या बायकांना सरकारात कुणबीण म्हणून राबवण्याची शिक्षा पेशवाईत सर्रास होती. कोठीत, गोठ्यात, मुदपाकखान्यात त्या राबत. मालकापासून झालेल्या त्यांच्या पोरांना लेकावळे म्हणत, आणि त्यांची पंगत वेगळी बसे.

त्या पोरांपैकी कुणी लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं, याचा अंदाज आपल्याला पुष्कळ उशिरा आला. शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ साली आलं. लेखक अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. वडील पाटील घराण्यातले, आई भूमिहीन दलित. इथे दासी हा शब्द नाही, वाडा आहे आणि वाड्यावर अवलंबून असलेली भूक आहे. आईच्या वाट्याला आलेलं जिणं, बापाचं नाव न मिळणं, शाळेच्या दाखल्यावर कुणाचं नाव लावायचं हा पेच, हे सगळं त्या पुस्तकात आतून आलं आहे. प्रेमकथा म्हणून ते कुणी वाचत नाही, वाचूही नये. पण उमराव-दासींच्या साऱ्या कहाण्यांत जी बाजू मुकी होती, ती मराठीत इथे पहिल्यांदा इतक्या थेट बोलली, असं माझं मत आहे.

पेशवाईतल्या कुणबिणींचा माग मात्र कागदांतच काढावा लागतो. पेशवे दफ्तराचे निवडक ४५ खंड गो. स. सरदेसाईंनी १९३० ते ३४ या काळात छापले. पुण्यातल्या त्या दफ्तरात न छापलेल्या रुमालांची, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांची, संख्या याहून कितीतरी मोठी आहे. त्यात कुणबिणींच्या खरेदीचे, सुटकेचे, त्यांच्या पोरांना दिलेल्या नेमणुकांचे कागद आहेत. मोडी वाचणारी तरुण मुलं-मुली आता पुन्हा तयार होत आहेत. त्यांच्यापैकी कुणी तरी लढाया आणि तह बाजूला ठेवून हेच रुमाल सोडायला घ्यावेत, आणि त्या बायकांची नावं एकेक करून उतरवून काढावीत.